दोन कपाटांमधला जबडा

मी एक जबडा बोलतोय. जिवंतपणी बोलणं हेच माझं काम होतं. नंतर हजारो वर्षं मातीत मुकाट पडून होतो.

मी एका बाईचा. तिची आई रुंद हाडापेराची, जाड भुवयांची. तुम्ही ज्यांना निअँडरथल म्हणता, त्या लोकांतली. बाप दुरून आलेला, सडपातळ, तुमच्यासारखा. म्हणून माझ्या दाढा आईच्या वळणाच्या नि हनुवटी बापाची. त्या दोघांची भाषा एक नव्हती. पण लेकीला ताप आला की दोघंही उशाशी बसून राहत.

पुढे तीही आई झाली. लेकराला दात येईपर्यंत मांस मीच चावून मऊ करून द्यायचो. दुसऱ्या बाळंतपणात ती गेली. तिच्या आईने तिला गुहेत कुशीवर निजवलं आणि नातवाला कडेवर घेऊन ती चालू लागली.

मला उकरून काढलं एका प्राध्यापकांनी. त्यांच्या खोलीत दोन कपाटं होती: एकात जुन्या, निअँडरथल लोकांची हाडं, दुसऱ्यात तुमची. या दोन वेगळ्या प्रजाती, असं त्यांनी जन्मभर शिकवलेलं. जुन्या लोकांना अशी हनुवटी नसते, म्हणून माझी त्यांना खटकायची. कुठल्याच कपाटात न बसल्याने मी टेबलावरच राहिलो.

त्यांची मुलगीही याच विद्येतली. तिने माझ्या दाढेच्या चिमूटभर भुकटीतला डीएनए तपासला आणि एका सकाळी उभ्या-उभ्याच म्हणाली, "बाबा, हिची आई त्यांच्यातली, वडील आपल्यातले."

"असतील. घोडा-गाढवाचंही खेचर होतंच की! पण खेचराचा वंश चालत नाही."

मला ओरडावंसं वाटलं. पण जीभ कुठे होती?

"चाललाय, बाबा. तुमच्या रक्तात त्यांचा अंश आहे. मागे रक्त मागितलं होतं ना तुमच्याकडे? कशाला, तेही विचारलं नाहीत."

"लेकीने मागितलं, दिलं. त्यात विचारायचं काय?"

प्राध्यापकांनी एकदा दोन्ही कपाटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "प्रजाती एक की दोन, यावर मी अजून भांडणार."

"भांडा की."

"पण हिला खेचर म्हणालो, ते चुकलं माझं."

त्यांनी मला दोन्ही हातांत घेतलं.

आता ते नाहीत. मुलगी शिकवते, तेव्हा वडिलांचं म्हणणं आधी पूर्ण सांगते, मग स्वतःचं. वाद मिटलेला नाही. मी काचेमागे आहे, लोक येतात, वाकून बघतात, "हे काय आहे?" म्हणतात.

माझी एवढीच विनवणी: ही बाई काय होती, ते सावकाश ठरवा. आधी विचारा, ही कोण होती?