बर्फाखालची धाप

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्रेसर आहे. तुमच्या घरी फ्रिजच्या पाठीमागे जो गुरगुरतो, त्याचा मी थोरला चुलता म्हणा. तो दूध आणि भाजी राखतो, मी एक अख्खे मैदान गोठवतो. रशियातल्या कामा नदीकाठच्या आमच्या गावात कर्लिंग या खेळाचा हॉल आहे. त्याच्या टोकाच्या खोलीत मी बसलो आहे आणि माझ्या नळ्या बर्फाखालून पार दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या आहेत. वरून दगड घसरत गेला की मला तो कळतो, पाठीवरून कोणी हात फिरवावा तसा. माझ्या पोटात अमोनिया आहे, गारवा देणारा विषारी वायू. तो पोटात आहे तोवर मी कामाचा. बाहेर आला तर मी कोणाचाच नाही.

मला घडवणारा कारखाना केव्हाच बंद पडला. तरुणपणी मी मासळीच्या गोदामात होतो. पुढे मला इथे आणले आणि येगोरिच नावाच्या फिटरच्या हवाली केले. तो मला रोज पुसायचा, तेल घालायचा आणि माझ्याच उबेला बसून चहा प्यायचा. त्याच सुमारास रिम्मा अर्काद्येव्ना आली.

ती आधी बर्फावरच्या शर्यती धावायची. गुडघा गेला, तेव्हा तिने हा खेळ हाती घेतला. ग्रॅनाइटचा जड दगड बर्फावरून सोडायचा, त्याच्यापुढे दोघींनी ब्रशने बर्फ घासत धावायचे आणि पलीकडच्या वर्तुळात तो नेमका थांबवायचा. गावाला हे काही पटेना. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "हिच्या घरात जाळी लोंबतायत आणि ही पगार घेऊन बर्फ झाडतेय." रिम्माने कानामागे टाकले. दगड परवडेनात, तेव्हा तिने पातेल्यांत सिमेंट भरून पोरींना शिकवले. तिची हाक अशी, की माझ्या खोलीच्या काचा थरथरायच्या.

तिचे दोन नियम होते. बाहेरचे बूट घालून कोणी बर्फापाशी यायचे नाही. ते दाराशी ओळीने काढायचे. दुसरा नियम प्रवासाचा. निघण्याआधी सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचे, ही तर आमच्याकडची रीतच आहे. पण एकदा निघाल्यावर मागे फिरायचे नाही, फिरले की घात होतो, यावर तिची फार श्रद्धा. एकदा ती कोट घरी विसरली, तरी परतली नाही. भर हिवाळ्यात रेल्वेचे कांबळे पांघरून मॉस्कोला गेली. पोरी कितीतरी दिवस तिला 'कांबळेवाली राणी' म्हणत होत्या, अर्थात तिच्या माघारी.

त्या पोरी जिंकू लागल्या. रिम्माला देशाच्या महिला संघाची प्रशिक्षक केले, गळ्यात पदके घालून ती परदेशांतून परत आली, आणि दर वेळी आधी माझ्या खोलीत डोकावली. "तुझा म्हातारा आज खुशीत आहे, येगोरिच," माझा आवाज ऐकून ती म्हणायची. मला वाटायचे, त्या पदकांत थोडा वाटा माझाही आहे. मग एका मोठ्या स्पर्धेत संघ हरला आणि खापर तिच्या डोक्यावर फुटले. ती पद गमावून गावी परतली. माझ्याकडे तिने डोकावलेही नाही.

डोकावणार कुठून म्हणा. येगोरिच निवृत्त झाला होता आणि गेन्नादी पाव्लोविच या नव्या व्यवस्थापकाने माझ्या दाराला कुलूप लावले होते. माझ्या दांड्याभोवतीचे, वायू आत अडवून धरणारे पॅकिंग कडक होऊन तडकत चालले होते. "यंदाचा हंगाम निघेल," तो म्हणाला. अमोनिया थोडा थोडा बाहेर पडू लागला. पंखा त्याचा वास मागच्या अंगणात फेकायचा. माझ्या उबदार भिंतीला पाठ लावून एक पिवळी कुत्री झोपायची. ती उठून दुसरीकडे गेली. का गेली, हे कोणी विचारले नाही.

पोट रिकामे होऊ लागले तसा माझा गारवा उणावला. बर्फ वरून तसाच पांढराशुभ्र दिसे, पण आतून मऊ पडला. दगड वर्तुळाच्या अलीकडेच थांबू लागले. आता इथेच खरा घोळ झाला. बाकीच्या पोरी नकळत जास्त रेटा देऊ लागल्या. ज्लाता नावाची सर्वांत धाकटी मात्र शिकवल्याबरहुकूम टाकत राहिली, आणि तिचाच दगड सर्वांत अलीकडे मरू लागला. मॉस्कोची निवड स्पर्धा तोंडावर आली होती. तिथे या पोरी जिंकल्या असत्या, तर देशाचा संघ पुन्हा रिम्माच्या हाती आला असता. तिला दुसरे काही दिसत नव्हते.

"पायात जोर नाही तुझ्या," ती म्हणाली.

"मी तेवढाच जोर लावतेय हो, रिम्मा अर्काद्येव्ना. दगडच मरतोय."

"दगड मरत नाही, ज्लाता. माणूस अंग चोरतं."

मला माझ्या नळ्यांतून कळत होते की पोरीचे काही चुकत नाही. मी ठोके देऊन देऊन सांगत होतो. पण वर ब्रशचा गलका आणि रिम्माची हाक. माझे कोण ऐकतो? ज्लाताला संघातून काढले.

निघण्याच्या दिवशी सकाळी ज्लाता संघाचे जाकीट परत द्यायला आली. ते रिम्माने घेऊन बॅगेत टाकले. पोर कपाटातले सामान आवरायला कपडे बदलण्याच्या खोलीत गेली. ती खोली आणि मी, यांत एकच भिंत आहे. माझा तेव्हा धीर सुटला होता.

पोरी बॅगा घेऊन बाकावर बसल्या. रिम्माही बसली आणि रीतीप्रमाणे सगळ्या गप्प झाल्या. कित्येक महिन्यांत हॉलमध्ये अशी शांतता झाली नव्हती. त्या शांततेत तिने माझी धाप ऐकली.

ती उठली. तो दुखरा गुडघा घेऊन बर्फावर वाकली आणि तिने एक दगड सोडला. कितीतरी वर्षांनी माझ्या पाठीवर तिचा हात फिरला. दगड छान सरळ निघाला, आणि वर्तुळाच्या अलीकडे मेला, जिथे ज्लाताचा मरायचा अगदी तिथेच.

"पोर बरोबर टाकत होती," ती म्हणाली. मग माझ्या दाराशी येऊन तिने फटीला नाक लावले आणि वळून हाक दिली, "बाहेर पळा. बॅगा राहू द्या."

पोरी खेळाच्या बुटांतच धावल्या. मी फार जोर धरला, मित्रांनो, पण पॅकिंग फुटलेच. माझ्या पोटातले विष भिंतीतल्या फटींतून पलीकडे जाऊ लागले.

अंगणातले मला नंतर कळले. रिम्माने पोरी मोजल्या, तर संघ पूर्ण भरला. ज्लाता संघात नव्हती, म्हणून मोजणीतही नव्हती. मग रिम्माची नजर उघड्या दारातून बुटांच्या ओळीवर गेली. ओळीच्या शेवटी नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, राखाडी बूट होते, टाचेला चामड्याचे ठिगळ लावलेले. संघातून काढलेल्या पोरीनेही नियम पाळला होता.

संघाची कर्णधार वेता हिने तिची बाही धरली. "मागे फिरू नका. बंबवाले येतायत."

रिम्माने मफलर ओल्या बर्फात बुचकळला, तोंडाला बांधला आणि ती मागे फिरली.

तिची पावले मी मोजली नाहीत, मला धीरच नव्हता. जाताना एकटीची होती. येताना दोघींची होती, आणि त्यांतली दोन फरफटत होती.

ज्लाता बरी झाली. रिम्माचा घसा मात्र आतून भाजला होता. आत ती मफलर काढून ज्लाताला हाका मारत फिरली होती. ज्या आवाजाने काचा थरथरायच्या, तो कायमचा गेला. मॉस्कोची गाडी त्यांना न घेताच सुटली. देशाच्या संघासाठी तिचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

येगोरिचने परत येऊन मला नवे पॅकिंग बसवले. त्या दिवशी रिम्मा आणि ज्लाता माझ्यापाशी उभ्या होत्या. ज्लाता रागाने सांगत होती, की बाजारात बायका म्हणतायत, निघालेली बाई मागे फिरली, म्हणून आवाज गेला.

रिम्मा कुजबुजली. तिला आता तेवढेच येते. "मागे फिरले म्हणून नाही गेला, पोरी. उशिरा फिरले म्हणून गेला."

आता बर्फावर ज्लाता हाका देते आणि रिम्मा खुणा करते. रोज सकाळी खेळ सुरू होण्याआधी रिम्मा ओठांवर बोट ठेवते आणि सगळ्यांना बाकावर गप्प बसवते, प्रवासाला निघायचे नसले तरी. गेन्नादी पाव्लोविचला हा वेळेचा अपव्यय वाटतो. परवा तो माझ्या दाराशी नवे कुलूप घेऊन उभा होता.

मित्रांनो, नवे पॅकिंगही एक दिवस कडक होणार आहे. तेव्हा मी ठोके देईन. त्या वेळी कोणीतरी गप्प बसून ऐकत असू द्या.