डबा चालेल का?

घण्याने त्या दिवशी सकाळीच एका गिऱ्हाइकाच्या कानफटात दिली होती. गिऱ्हाईक एवढंच म्हणालं होतं, की पत्र्याची कड जरा वाकडी आलीय. कड वाकडी होतीच, घण्यालाही दिसत होती, पण कोणी तिच्यावर बोट ठेवून दाखवावी हे त्याला खपलं नाही. त्या माणसाचा चष्मा उडून मशीनखाली गेला. तो शोधायला माणूस वाकला, तेव्हा घण्याने त्याची कॉलर धरली आणि त्याला दारापर्यंत फरफटत नेलं. चष्मा मग त्याच्या धाकट्या भावाने झाडूने ओढून काढला, शर्टाला पुसला आणि रस्त्यापर्यंत पळत जाऊन परत दिला. थोरल्याने फोडायचं आणि धाकट्याने निस्तरायचं, अशी त्या वर्कशॉपात कामाची वाटणीच झालेली होती.

घण्या हे नाव बाजाराने ठेवलं होतं आणि ठेवताना फार डोकं चालवलं नव्हतं. त्याचा हात घणासारखाच पडायचा. दार अडलं तर लाथ, बोल्ट निघत नसला तर आधी शिवी, मग हातोडा. कॉम्प्युटर अडला तर त्याच्या डब्यावर उजव्या अंगाने एक सणसणीत थाप. आता गंमत अशी, की ती थाप बरेचदा लागूही पडायची. आत कुठलीशी वायर सैल होती, ती हादऱ्याने जागेवर बसायची. अशाने माणूस सुधारतो थोडाच?

हा कॉम्प्युटर म्हणजे वर्कशॉपाचा जीव होता. पत्रा कापायचं मोठं मशीन त्याच्या सांगण्यावर चालायचं. मशीनची केबल ज्या कार्डात जायची, ते कार्ड त्याच जुन्या डब्यात बसायचं. नव्या डब्यांत त्या कार्डाला खाचच नसते, त्यामुळे नवा आणून ठेवण्याचा प्रश्न मिटलेला होता. आणि नेमका आता वरून दट्ट्या आला होता. ज्या कारखान्याच्या कामावर दोघा भावांचं घर चालायचं, त्याने कळवलं होतं की पुढच्या महिन्यापासून आमची ड्रॉइंग फक्त नव्या सिस्टीमवर उघडतील. जुन्या सिस्टीमवाल्यांनी आपलं आपलं बघावं.

धाकट्याने त्यावर सरळ हिशोब मांडला होता. जुना डबा नवी सिस्टीम पेलणार असेल तर काम राहील आणि मीही राहीन. पेलणार नसेल तर इथे दोघांचं पोट भरणार नाही. कारखान्यात ड्रॉइंगच्या खात्यात मला बोलावलंय, मी तिकडे जाईन, राहायलाही तिकडेच. हे तो जेवताना बोलला होता, अगदी शांतपणे. घण्याने समोरचं ताट भिंतीवर मारलं होतं. बायकोने भिंत पुसली. त्यानंतर आठवडाभर तो विषय कोणी काढला नाही, पण घण्याची झोप उडाली ती उडालीच. आईबाप गेल्यावर हा पोरगा त्याने वाढवला होता. रागावून, बदडून, पण वाढवला होता. त्याच्याशिवाय त्या पत्र्याच्या छपराखाली आपण एकटे उभे आहोत, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं की त्याला कोणाला तरी मारावंसं वाटे.

म्हणून त्या सकाळी, गिऱ्हाईक गेल्यावर, धाकटा पेनड्राइव्ह घेऊन कॉम्प्युटरपुढे बसला, तेव्हा घण्या मशीन बंद करून त्याच्या पाठीशी येऊन उभा राहिला. हातात मोठा पाना होता, तो ठेवायचं भान नव्हतं. पेनड्राइव्हमध्ये एक तपासणीचा प्रोग्राम होता. तो डबा आतून चाचपतो आणि नवी सिस्टीम चालेल की नाही ते सांगतो, असं धाकट्याने समजावलं. पडद्यावर एकेक ओळ येऊ लागली. प्रोसेसर, हिरवी खूण. मेमरी, हिरवी खूण. डिस्कवरची जागा, हिरवी. घण्याचा श्वास जरा मोकळा झाला. मग शेवटच्या दोन ओळी आल्या आणि दोन्हींपुढे लाल फुली. खाली ठसठशीत वाक्य होतं, की हा कॉम्प्युटर नव्या सिस्टीमसाठी योग्य नाही.

घण्याने धाकट्याची मान मागून धरली आणि त्याचं तोंड पडद्यापर्यंत नेलं.

"वाच. काय लिहिलंय ते मोठ्याने वाच."

धाकट्याचं नाक काचेवर दाबलं गेलं होतं, तरी तो समजावू लागला. सुरक्षेची एक चिप लागते, ती सापडत नाही म्हणतोय. पण ती आत असणार, फक्त बंद असेल. दिवा घरात आहे पण बटण दाबलेलं नाही, तसं. दुसरी फुली डबा सुरू होण्याच्या पद्धतीची आहे. तीही बदलता येते. घण्याला यातलं अर्धं कळलं आणि अर्ध्यावर विश्वास बसला नाही. त्याने मान सोडली ती ढकलूनच. धाकट्याचा ओठ टेबलाच्या कडेवर फुटला. त्याने बाहीने रक्त टिपलं आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. सुरू होताहोता एक बटण दाबत राहून तो आतल्या सेटिंगच्या निळ्या पडद्यावर शिरला. तिथे त्याने चिप चालू केली. मग सुरू होण्याची पद्धतही जुन्यावरून नव्यावर नेली, सगळं जतन केलं आणि बाहेर आला.

इथे धाकट्याची चूक झाली, आणि ती घाईची चूक होती. आधी डिस्कची मांडणी बदलायची असते आणि पद्धत नंतर. मागे असा माणूस पाना घेऊन उभा असला की क्रम कोणाचाही चुकेल.

पडदा काळा झाला. वर कोपऱ्यात एकच पांढरी ओळ आली, की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

घण्याने डब्यावर थाप मारली. काही झालं नाही. दुसरी मारली, तिसरी मारली, मग मुठीने मारू लागला, पत्रा आत गेला तरी मारत राहिला. धाकटा त्याचा दंड धरून थांब, थांब म्हणत होता. घण्याने त्याला झटकून दिलं, तसा तो मागच्या पत्र्यांच्या चवडीवर आदळला. आवाज ऐकून मागच्या खोलीतून घण्याची बायको धावत आली. तिने मध्ये पडायला बघितलं, तर घण्याने तिलाही कोपराने बाजूला सारलं. ती दाराच्या चौकटीला जाऊन लागली.

"मोडलास," तो धाकट्याला म्हणाला. त्याचा आवाज आता चढलेला नव्हता आणि बायकोला त्याचीच भीती वाटली. "जायचंच होतं तुला. म्हणून मोडलास."

"मोडलेलं नाही, दादा. मी क्रम चुकलो. दोन मिनिटं दे, होतं तसं करतो."

त्या घरात बापाच्या वेळेपासून एक कायदा होता. ज्या हाताने वस्तू मोडली तो हात पुढे करायचा, तळवा खाली, आणि बाप त्यावर लोखंडी पट्टी मारायचा. फुटलेला कप असो की तुटलेलं करवतीचं पातं, शिक्षा एकच. धाकट्याने तो मार कधी खाल्लाच नव्हता. त्याच्या हातून काही फुटलं की थोरला पुढे व्हायचा, मी मोडलं म्हणायचा आणि आपला हात ठेवायचा. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नव्हती, ती त्या पट्टीची देणगी. बापाचा राग त्याच्या अंगात आला खरा, पण त्याआधी तोच राग त्याने या पोराच्या वाट्याचाही सोसला होता. हे त्या खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं.

"हात," घण्या म्हणाला.

धाकट्याने त्याच्याकडे बघितलं. मग उजवा हात टेबलावर ठेवला, तळवा खाली, बोटं पसरून. घाबरून ठेवला असं नाही. दादा गरजेल, पाना उगारेल आणि मग टेबलाला नाहीतर भिंतीला मारेल, अशी त्याची पक्की खात्री होती. एरवी कितीही बदडलं, तरी ज्या हाताचा मार दादाने स्वतः खाल्ला, त्या हातावर तो मारणार नाही. त्याच्या चेहऱ्यावर ती खात्री स्वच्छ दिसत होती.

घण्यालाही ती दिसली. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण रागात काही दिसत नाही म्हणणारी माणसं खोटं बोलतात. त्याला सगळं दिसत होतं. धाकट्याचा फुटलेला ओठ, हातावरचं ग्रीस, पसरलेली बोटं. थांबायला वेळ होता. त्याने पाना दोन्ही हातांनी उचलला आणि खाली आणला.

पाना टेबलावर आपटल्याचा आवाज नेहमीसारखा आला नाही, कारण मध्ये हात होता. धाकटा ओरडलासुद्धा नाही. त्याच्या घशातून हवा बाहेर पडली आणि तो गुडघ्यांवर बसला. हात मात्र टेबलावरच राहिला होता. तो त्याला उचलता येत नव्हता. करंगळी आणि शेजारचं बोट भलत्याच दिशेला वळलं होतं आणि मागची कातडी फाटून आतलं पांढरं दिसत होतं. घण्याची बायको किंचाळली ती तेवढी एकदाच. मग तिने खुंटीवरचा टॉवेल ओढला, हात त्यात गुंडाळला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, की गाडी बोलावते, दवाखान्यात चला.

"आधी हे," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. "वहिनी, मला खुर्चीवर बसव. आधी हे सुरू करू. नाहीतर हा जन्मभर म्हणेल की मी मोडलं."

ती रडत नको नको म्हणत होती, पण त्याने ऐकलं नाही. शेवटी तिने त्याला बसवलं आणि गुंडाळलेला हात आपल्या मांडीवर घेतला. टॉवेल भराभर लाल होत होता. घण्या पाना धरून तसाच उभा होता.

"पाना ठेव. इकडे ये," धाकटा त्याला म्हणाला. "माझा हात नाही आता. तुला करावं लागेल."

घण्या आला. आयुष्यात त्याने त्या कीबोर्डला बोट लावलं नव्हतं. धाकटा सांगत गेला आणि तो करत गेला. सुरू करताना ते बटण दाबून धर. खाली जा, आणखी खाली. त्याने बाण असा काही दाबला की कीबोर्ड उडाला.

"हळू," धाकटा म्हणाला. "नुसतं बोट टेकव."

एवढ्या वर्षांत घण्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याने बोट टेकवलं. दोनदा चुकलं. पद्धत परत जुनी केली, जतन केलं आणि डबा पुन्हा सुरू झाला. काळ्या पडद्यावरून पहिल्यासारखं चित्र आलं, आलं ते अगदी मुकाट. वर्कशॉपाची सगळी ड्रॉइंग जागच्या जागी होती. काहीही मोडलेलं नव्हतं.

घण्याच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. त्याने खुर्चीच्या पाठीला धरलं. पण धाकटा थांबायला तयार नव्हता. तो दात आवळून एकेक अक्षर सांगत गेला, वहिनी ते कीबोर्डवर शोधून दाखवत गेली आणि घण्या दाबत गेला. डिस्कची मांडणी बदलली. मग पुन्हा आत शिरून पद्धत नवी केली. मग पेनड्राइव्हमधला तो प्रोग्राम पुन्हा चालवला. ओळी एकेक करून आल्या आणि प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण होती. हा कॉम्प्युटर नव्या सिस्टीमसाठी योग्य आहे.

"चालतोय," घण्या म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो लहान पोरासारखा धाकट्याकडे वळला. "चालतोय रे. राहायचं म्हणाला होतास."

धाकट्याने डोळे मिटले होते. तो बेशुद्ध पडतोय असं वाटून वहिनीने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. घण्याने त्याला उचलून गाडीत ठेवलं आणि सगळ्या वाटेत मांडीवर धरून बसला. गाडीवाला जरा हळू चालवतोय म्हणून त्याने एकदा पुढच्या सीटवर बुक्की मारली, तेवढीच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टॉवेल सोडला आणि ऑपरेशन लागेल म्हणाल्या. पकड किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही. मग त्यांनी विचारलं, हे कसं झालं. घण्याने तोंड उघडलं. लहानपणी अशा टेबलापुढे दोघं कितीदा बसले होते, आणि बाप मागे उभा असताना दोघांनी एका सुरात सांगितलं होतं, की जिन्यावरून पडलो, दारात सापडलं, मशीनमध्ये गेलं. ते उत्तर त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. घण्या म्हणाला, "मशीनमध्ये गेला." आणि त्याने धाकट्याकडे बघितलं, तो पुढचं बोलेल म्हणून.

"भावाने मारलं," धाकटा म्हणाला. "पान्याने. मी हात पुढे केला होता."

डॉक्टरीणबाईंनी आधी घण्याकडे आणि मग त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिच्या कपाळावर चौकटीचा वळ उठला होता. तिने मान खाली घातली नाही. बाईंनी घण्याला बाहेर थांबायला सांगितलं. तो उठला नाही. त्याने दोन्ही मुठी मांडीवर वळून ठेवल्या होत्या आणि त्या त्याला उघडता येत नव्हत्या. बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला हाक मारली आणि धाकट्याला हलक्या आवाजात विचारलं, की ऑपरेशननंतर घरी तुमची काळजी घ्यायला कोणी आहे का.

"वहिनी आहे," धाकटा म्हणाला. "पण मी आता तिथे राहत नाही."