दवाखान्यातली बासरी

माझा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर आहे आणि त्याच्या हाताला गुण आहे. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, माझ्या दोन दाढा त्यानेच काढल्यात म्हणून सांगते. फक्त दवाखाना उघडला त्या दिवसापासून तिथे एकच बासरी वाजते. टेप गेली, सीडी आली, सीडी जाऊन मोबाइल आला, बासरी मात्र तीच. पेशंटला शांत वाटावं म्हणून, असं त्याचं म्हणणं. पेशंट त्या वेळी तोंडात कापूस आणि डोळ्यांवर दिवा घेऊन पडलेला असतो. शांत वाटतंय की नाही हे सांगायला त्याचं तोंड मोकळं नसतं आणि माझा भाऊ त्यालाच होकार समजतो.

मी बाहेर काउंटरवर बसते. नंबर लावायचे, पैसे घ्यायचे, घाबरलेल्या थोरामोठ्यांना पाणी द्यायचं. ती बासरी ऐकून माझे कान इतके किटलेत, की घरी गेल्यावर मी मुद्दाम धांगडधिंग्याची गाणी लावते. शेजारी म्हणतात, या वयात हे काय. म्हणोत बापडे.

भावाची मुलगी, म्हणजे माझी भाची, शाळा सुटली की दवाखान्यातच यायची, कारण तिच्या आईला कामावरून यायला उशीर व्हायचा. माझ्या पायाशी बसून गृहपाठ करायची. मोठी होऊन तिने बापासारखीच दातांची पदवी घेतली खरी, पण जीव सगळा बासरीत. इकडे बापाने शेजारच्या खोलीत तिच्यासाठी दुसरी खुर्ची आणून ठेवलेली. खुर्चीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं.

"बासरी हा छंद झाला," भाऊ म्हणायचा. "काम वेगळं."

शेवटी दोघांचं ठरलं. भाचीने आपल्या गल्लीतल्या हॉलमध्ये एक कार्यक्रम करायचा. आपली माणसं शेवटपर्यंत बसली, तर भाऊ दुसऱ्या खुर्चीचं नाव काढणार नाही. उठून गेली, तर भाचीने दवाखान्यात यायचं. पोरीचं मन मोडायला नको म्हणून भावाने अट मुद्दाम सोपी ठेवली होती. आपली माणसं कशाला उठून जातील? आता आपली माणसं म्हणजे कोण, तर पेशंट. सगळ्यांचे नंबर माझ्याकडेच होते. मी एकूण एक फोन केले आणि हॉल खचाखच भरला.

भाचीने बासरी ओठांना लावली. पहिला सूर निघाला आणि माझ्या पुढे बसलेल्या शिंप्याने गाल धरला. त्याच्या शेजारच्या पोस्टातल्या बाईंनी खुर्चीचे हात घट्ट आवळले. रांगेच्या टोकाला निवृत्त हेडमास्तर होते, त्यांनी मान मागे टाकून तोंड उघडलं. झोप लागली असेल म्हणावं, तर डोळे टक्क उघडे. सूर जरा लांबला की सगळी रांग अंग चोरायची. पोरगी सुरेख वाजवत होती, पण तिच्या समोर दोनशे माणसं दाढ काढायला बसली होती.

मध्यंतर झालं आणि लोक दाराकडे सरकू लागले. मी पडद्यामागे गेले. भाची बासरी मांडीवर ठेवून बसली होती.

"आत्या, मी इतकं वाईट वाजवते?"

"नाही गं."

"मग सगळ्यांचे चेहरे असे का? हेडमास्तर तर बघवत नव्हते."

"त्यांच्या तीन दाढा तुझ्या बाबाने बासरी लावूनच काढल्यात. बाकीच्यांचंही तेच."

"पण मला बासरी ऐकली की बरं वाटतं."

"तुझी कुठे दाढ काढली त्याने?"

"तसं नाही. ड्रिलच्या आवाजाची मला फार भीती वाटायची. बासरी चालू असली की वाटायचं, बाबा आत आहेत. ती थांबली की ते बाहेर येणार आणि आपण घरी जाणार. आत्या, अजूनही वाजवताना मला तेच वाटतं."

जी बासरी ऐकून मी बोटं मोडत होते, ती ऐकत माझ्या पायाशी बसून हे लेकरू बापाची वाट बघत होतं.

मी बाहेर आले, तर भाऊ पहिल्या रांगेत खुशीत बसला होता. "ताई, पाहिलंस? लोक कसे तल्लीन झालेत. अगदी दवाखान्यात होतात तसे."

मी त्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या, पेशंटची आणि पोरीची. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे इतकी वर्षं कोणीच तल्लीन नव्हतं?"

"एक होती. माझ्या काउंटरखाली."

त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. "लोक निघालेत, ताई. काय करू?"

"तुझ्या खुर्चीत बसलेला माणूस मोकळा कधी होतो?"

माझा भाऊ चारचौघांत बोलायचं म्हटलं की घामाघूम होतो. पण तो उठला, स्टेजवर गेला, माइक हातात घेतला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "झालं. सावकाश चूळ भरा."

शिंप्याचा हात गालावरून खाली आला. हेडमास्तरांनी तोंड मिटलं. मग कोणीतरी खुदकन हसलं आणि हसू मागच्या रांगेपर्यंत गेलं. दारापाशी पोचलेले लोक एकमेकांना ढकलत परत येऊन बसले.

पुढचा तासभर भाची वाजवत राहिली. सगळ्यांना आवडलं असं मी म्हणणार नाही. शिंपी अधूनमधून गाल चाचपत होता, पण बसून होता. भाऊ डोळे उघडे ठेवून ऐकत होता. इतकी वर्षं ड्रिलच्या आवाजात त्याला तरी बासरी कुठे धड ऐकू आली होती?

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला तो मोबाइल नाचवत. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतं. "आजपासून हीच लावायची, आपल्या पोरीची."

मी मोबाइल काढून घेतला. "तिचं भलं हवंय ना तुला?"

तो ओशाळला. शेजारच्या खोलीत जाऊन त्या गुंडाळलेल्या खुर्चीपाशी उभा राहिला. बऱ्याच वेळाने काउंटरपाशी आला.

"ताई, दुसऱ्या खुर्चीसाठी डॉक्टर पाहिजे. जाहिरात दे."

"आणि कोणी विचारलं, घरात मुलगी डॉक्टर असताना बाहेरचा कशाला, तर?"

"सांग, तिला वेळ नसतो," तो म्हणाला. "ती कामावर असते."