पालकांची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. जिच्यासाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात, ती नव्हे हं! मी पोलीस ठाण्यात, मुलांच्या चौकशीच्या खोलीत असते. अल्पवयीन मुलाला काही विचारायचं तर त्याच्या विश्वासाचं मोठं माणूस शेजारी हवं, असं कायदा सांगतो. त्या माणसासाठी मी.

सुताराने मला ऐसपैस बैठक दिली, आजीआजोबांनाही अवघडू नये म्हणून. पण माझ्या नशिबी आलं साहेबांचं हेल्मेट आणि जेवणाचा डबा. पालकांची वाट कोण पाहणार? मग वरून तंबी आली, खुर्ची रिकामी दिसता कामा नये. झालं! हाताला लागेल तो मोठा माणूस माझ्यावर बसू लागला. एकदा तर पंखा दुरुस्त करायला आलेल्यालाच बसवला.

एका दुपारी आठवीतली एक मुलगी आली. शाळेत बाईंचा मोबाइल गेला होता आणि मधल्या सुट्टीत वर्गात ती एकटीच होती. तिची आई लॉन्ड्रीत कामाला. तिला निरोप गेला होता, पण साहेबांना घाई. माझ्यावर कोण बसलं? त्याच बाई! तक्रार करणाऱ्याच पालक झाल्या, तर पोरीने पाहायचं कुणाकडे?

"हो म्हण बेटा, लगेच घरी सोडतो," साहेब म्हणाले. मला त्या गोड आवाजाचीच चीड येते.

"खरं सांग, मी रागावणार नाही," बाई म्हणाल्या. तशा त्या वाईट नव्हत्या.

"आई कधी येईल?"

"सही झाली की जायचंच आहे तुला आईकडे," म्हणत साहेबांनी 'मोबाइल मी घेतला' असं लिहिलेला कागद पुढे सरकवला.

मुलीने पेन उचललं. तेवढ्यात दार उघडलं. आई धापा टाकत आत आली, कामावरचा एप्रन तसाच अंगात.

"थांब गं! कशावर सही करतेयस?"

"हो म्हटलं की घरी सोडणारेत."

"तू घेतलास मोबाइल?"

"नाही गं आई."

आई बाईंकडे वळली. "तुम्ही उठा. इथे मी बसते."

"अहो, मोठं माणूस होतंच की शेजारी," साहेब म्हणाले.

"होतं ना. पण तिच्या बाजूचं कुठे होतं?"

बाई ओशाळून उठल्या. साहेबांनी पहिल्यापासून सुरुवात केली आणि या वेळी जबाबात 'मी मोबाइल घेतला नाही' असं लिहिलं गेलं. मोबाइल कुणी नेला, ते मला आजही ठाऊक नाही.

आता माझा एक पाय डुगडुगतो, पण खोली तीच आहे. बाळांनो, इथे यायची वेळ आलीच तर भिऊ नका. तुमचं माणूस माझ्यावर बसेपर्यंत गप्प राहा, तो तुमचा हक्क आहे. आणि आईबाबांनो, निरोप मिळाला की रागावत बसू नका, आधी या. त्या आईला आणखी थोडा उशीर झाला असता, तर सही झालीच होती.