गवसणीतली शेवटची चिठ्ठी

मी एक जुना डबल बास, व्हायोलिनचा माणसाहून उंच भाऊ आहे, आणि मित्रांनो, माझा माणसांवर राग आहे. कौतुकाने माझ्या पोटावर थाप मारायला येणार असाल, तर लांबच राहा.

मला घडवणाऱ्या कारागिराने माझ्या लाकडावर अख्खा हिवाळा घालवला होता. पुढे मी अमेरिकेत मिसिसिपीतल्या एका विद्यापीठाच्या संगीतशाळेत आलो. तिथे मैफलींचा हंगाम असे. कधी ऑर्केस्ट्रा, कधी चर्चचं गॉस्पेल गायन, कधी जॅझ. धड बास मात्र मी एकटाच. ऑर्केस्ट्रात गजाने वाजवायला तारा उंच लागतात, बाकीच्यांना बोटांनी छेडायला खाली. म्हणून तारा पेलणाऱ्या माझ्या घोडीच्या पायांत दोन छोटी चाकं बसवली. ती फिरवली की तारा वर-खाली होत. तेव्हापासून माझे हाल कुत्रं खाईना.

शेवटच्या वर्षी माझे दोन वाटेकरी होते. ऑर्केस्ट्रातला थेडियस प्रुइट आणि गॉस्पेलमधली रेनिटा बॉयकिन. दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत. बोलणं चिठ्ठ्यांतून, आणि त्या माझ्या गवसणीच्या, म्हणजे खोळीच्या, खिशात. ‘राळ पुसून ठेवत जा, घाणेरड्या.’ ‘चाकांना हात लावू नकोस. हा तुझ्या चर्चचा बास नाही.’ माझ्या अंगावर गजाच्या राळेचा थर चढत गेला. पुसला कुणीच नाही.

एप्रिलमध्ये हंगामाची सांगता होती. आधी थेडियसचं एकल वादन, मध्यंतरानंतर गॉस्पेलमध्ये रेनिटाचं. न्यू ऑर्लिन्सचा एक बँडवाला खास तिला ऐकायला आला होता. आवडलं तर तो तिला आपल्या बँडमध्ये वाजवायला नेणार होता. तिच्या गावच्या चर्चमधून बस भरून माणसं आली होती. मोठाल्या टोप्यांतल्या बायका दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

त्या सकाळी गॉस्पेलची तालीम लांबली आणि रेनिटाने तारा वर न करताच मला मंचावर सोडलं. थेडियसने गज ओढला. तारा खडखडल्या, तो अडखळला, थांबला. तेवढ्यात टोपीवाल्यांतली एक मोठ्याने म्हणाली, "सावकाश, बाळा! कुणाला घाई नाहीये!"

मध्यंतरात थेडियस आत आला. "तुझी माणसं आणलीस ना माझी फजिती करायला?"

"तुझ्या फजितीला माणसं कशाला लागतात रे?" रेनिटा म्हणाली आणि गायकांचा झगा चढवायला निघून गेली.

मग तारा तिला छेडता येऊ नयेत इतक्या उंच व्हाव्यात म्हणून त्याने माझी चाकं पिळली. तारा सैल न करता, दात-ओठ खात, फिरायची थांबेपर्यंत. ताणलेल्या तारांखाली माझी घोडी वाकली. मला ते कळत होतं, पण मला कोण विचारतो?

उत्तरार्धात रेनिटाने तिसऱ्याच ठोक्याला जोराने तार छेडली आणि बंदुकीसारखा आवाज झाला. घोडी उडाली, पोटातला आधाराचा खांब कोसळला. रेनिटा मला सावरायला वाकली.

"सावकाश, बाळा! कुणाला घाई नाहीये!"

तीच बाई, तेच शब्द, तोच मायेचा आवाज. त्यांच्या चर्चमध्ये अडखळणाऱ्याला असाच धीर देतात. पाठोपाठ सगळी रांग टाळ्यांनी ताल धरू लागली आणि गायकांनी गाणं पुढे नेलं. पडद्याआडून थेडियसने ते ऐकलं.

"सकाळी चाकं मीच फिरवली होती," रेनिटा नंतर गॉस्पेल शिकवणाऱ्या गॅस्किन्सबाईंना सांगत होती. "घोडी सरळ आहे का, तेही बघितलं नाही. मीच मोडलं त्याला, बाई." बँडवाला केव्हाच निघून गेला होता. तिने पुन्हा बासला हात लावला नाही. आता ती विम्याच्या कचेरीत काम करते, असं तळघरात सामान ठेवायला येणारे बोलतात.

थेडियसने त्याच संध्याकाळी चिठ्ठी लिहिली. ‘चाकं मी पिळली. तुझा काही दोष नाही. त्या बायका मला हसत नव्हत्या, हे मला उशिरा कळलं.’ समोर जाऊन बोलायची हिंमत त्या भित्र्याला झाली नाही. त्याने ती नेहमीसारखी माझ्या खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी मला तळघरात टाकलं. नऊ वर्षं झाली, गवसणी कुणी उघडलेली नाही.

मित्रांनो, तुमची वाद्यं पुसून ठेवत जा, घोडी सरळ आहे का बघत जा. मला दुरुस्त नाही केलंत तरी चालेल, तुमच्या मायेवाचून माझं अडलेलं नाही. फक्त एकदा खाली या, खिशाची चेन ओढा आणि ती चिठ्ठी रेनिटाला नेऊन द्या. ती अजून समजते, मला तिनेच मोडलं.