जावयाची चाकं

जावई चार नवी चाकं घेऊन ट्रकसकट दुकानाच्या दारात उभा राहिला, तेव्हा सासूबाई लेथवर पंपाचा शाफ्ट कातत होत्या. त्यांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि आधी खुर्ची शोधली. जावई दुकानात आला की खुर्ची, पाणी आणि "बसा ना, जावईबापू." लग्नाला वर्ष होत आलं तरी गाडी त्यापुढे सरकली नव्हती. लेक म्हणायची, "तुम्ही दोघं बोलता की एकमेकांना निवेदन देता?"

जावई छोटा ट्रक चालवायचा, घरसामान पोचवायचा. आज तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, "आई, एक काम होतं. ही चाकं घेतली. अ‍ॅलॉयची आहेत. पण बसतच नाहीत."

"मोजून नाही घेतलीत?"

"दिसायला छान होती."

दुसरा कोणी असता तर सासूबाईंनी त्याची बिनपाण्याने केली असती. इथे त्यांनी ओठ मिटले आणि म्हणाल्या, "छानच आहेत हो."

चाकं दुसऱ्या जातीच्या ट्रकची होती. नटांची भोकं जुळत होती, पण मधलं मोठं भोक लहान पडत होतं. चाक ज्यावर बसतं त्या ट्रकच्या हबचा पुढे आलेला गोल भाग त्यात शिरेना. सासूबाईंनी प्रत्येक चाक ठोकून, फिरवून पाहिलं. कुठे तडा नव्हता, मधे कापण्याइतका धातूही होता. "भोक वाढवून देते," त्या म्हणाल्या. मग ट्रकचं पुढचं चाक काढायला लावून त्या हबपाशी उकिडव्या बसल्या, माप घ्यायचा व्हर्नियर लावला आणि खडूने भिंतीवर आकडा लिहिला: एकशे आठ.

चाक लेथवर चढवायला दोघांनी मिळून उचललं. चाक जड, त्यात जावयाच्या हाताला घाम. ते निसटतंय हे दिसत असूनही हा शहाणा खालून हात घालून सावरायला गेला.

"अरे सोड, गाढवा! बोटं जातील!"

त्याने सोडलं. चाक आपटलं, घरंगळत गेलं आणि खुर्ची आडवी करून थांबलं.

सासूबाईंचा चेहरा पडला. "माफ करा हं जावईबापू, तोंडातून गेलं."

जावई आडव्या खुर्चीकडे बघत होता. त्याचे खांदे हलायला लागले. सासूबाईंना वाटलं, रडतोय की काय. तो हसत होता. "आई, आमच्या घरी आजीपासून सगळे मला गाढवच म्हणतात. लग्न झाल्यापासून तुमची लेकसुद्धा. तुम्ही एकट्याच राहिला होतात."

"आजी का म्हणते?"

"न मोजता वस्तू घेतो म्हणून."

मग मात्र सासूबाईंनाही हसू आवरेना.

दुसऱ्या खेपेला चाक नीट चढलं. त्यांनी ते मधोमध बसवलं, हाताने फिरवून डगमगत नाही याची खात्री केली आणि मशीन सुरू केलं. धातूचा चकचकीत कीस खाली पडत राहिला. जावई हात मागे बांधून बघत उभा होता. तो म्हणाला, "मला तर हे रात्रभर बघत बसता येईल."

"बघत नको बसू, कीस झाड."

पहिलं चाक तयार झालं. दोघांनी ते हबवर चढवलं आणि सासूबाईंनी दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. चाक खडखडलं. भोक मोठं झालं होतं.

त्यांनी चाक उतरवलं, व्हर्नियर पुसून पुन्हा हबला लावला, जवळ धरून पाहिला, मग लांब धरून. जावयाने मोबाइलचा उजेड दाखवला.

"किती दिसतंय तुला?"

"एकशे तीन."

"तीन? आठ नाही?"

"तीन आहे, आई."

सासूबाई हत्यारांच्या पेटीवर बसल्या. आयुष्य या मशीनपुढे गेलं होतं त्यांचं. हातातला व्हर्नियर त्या नुसत्याच उघडत मिटत राहिल्या.

"नट करकचून आवळले तर नाही चालणार?" जावयाने हळूच विचारलं.

"वेडा आहेस का? चाकाने हबवर नेमकं मधोमध बसायला हवं. भोक सैल राहिलं तर ते जरा बाजूला बसेल आणि स्टिअरिंग तुझे हात खिळखिळे करेल."

"मग काय करायचं?"

त्यांनी चाकाच्या भोकावरून बोट फिरवलं. "मधे कडं बसवायचं," शेवटी म्हणाल्या, "पण आता माप तू वाचायचंस. मी कापते."

तसंच केलं. धातूच्या जाड नळीतून त्यांनी बारीक कडं काढलं. तो डोळे बारीक करून आकडे वाचत होता. "थांबा! अजून केसभर. हं, आता बास." कडं भोकात दाबून बसलं आणि चाक हबवर असं गेलं की दोघांनी एकदमच "आहा" म्हटलं. उरलेली तीन चाकं बिनचूक उतरली.

संध्याकाळी लेक आली. चाकांभोवती फेरी मारून म्हणाली, "या एकट्यालाच कडं का?"

"मीच माप चुकीचं सांगितलं," जावई पटकन म्हणाला.

"खोटं बोलतोय तो," सासूबाई म्हणाल्या. "मला तिनाचा आठ दिसला."

लेक कधीपासून डोळे दाखवून घे म्हणून मागे लागली होती आणि आई दर वेळी उडवून लावायची. आता तिने बोलायला तोंड उघडलं. आईच्या पाठीमागून जावयाने नको अशी मान हलवली, तसं तिने ते मिटलं.

"उद्या जाऊ डॉक्टरकडे," सासूबाई आपणहूनच म्हणाल्या. "पण ट्रकनेच. चाकं कशी पळतात ते बघायचंय मला."

दुसऱ्या दिवशी तिघं दाटीवाटीने पुढे बसली. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर सासूबाईंनी समोरच्या पत्र्यावर तळवा टेकवला आणि डोळे मिटले. जरासुद्धा थरथर नव्हती. थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "बाजूला घे. नवी चाकं आहेत, नट पुन्हा आवळायचे."

"मी आवळतो, तुम्ही बसा."

"तुझ्याकडून ढिले राहतील."

"काल कोणाला आकडा दिसत नव्हता?"

"पान्याला आकडे नसतात!"

रस्त्याच्या कडेला एकाच पान्यावर दोघं ओणवी होऊन वाद घालत होती. लेकीने हॉर्न वाजवला. "अगं आई, डॉक्टर निघून जातील!"

"थांबतील," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "अजून एक चाक राहिलंय."