खंडेनवमीचं ऑइल

"शेठ, ह्ये ऑइल हाय का च्या?"

गेणभाऊने इंजिनातून काढलेली ऑइल मोजायची डिपस्टिक मदनलालच्या नाकासमोर धरली होती. तिच्या टोकाला ऑइलचा रंग औषधालाही नव्हता. दूध जास्त झालेल्या चहासारखं फेसाळ, पांढुरकं काहीतरी ओघळत होतं. त्यातला एक थेंब शेठच्या सणाच्या नव्या सदऱ्यावर पडला, तरी गेणभाऊ हात मागे घेईना. दसऱ्याची सकाळ होती. नारायणगावच्या हमरस्त्याला लागून असलेल्या त्या दुकानापुढे चार गाड्या उभ्या होत्या आणि बाकावरची गिऱ्हाइकं चहाचे कप हातातच धरून हा तमाशा बघत होती.

"परवा अष्टमीला तुमच्याकडंच बदललं," गेणभाऊ बाकाकडे तोंड करून बोलायला लागला, कारण भांडणाला ऐकणारे लागतात. "आन आज जुन्नरच्या अलीकडं गाडी बसली. गच्च पाशिंजर व्हतं, लेण्याद्रीला निघालेलं. समदी उतरून दुसऱ्या जीपमधी गेली. त्यात माझा व्याही व्हता. ह्या भिकानं दोर बांधून मला वढत आणलंय. इचारा त्याला."

भिकाही नारायणगाव-जुन्नर रस्त्यावर जीपच चालवायचा. त्याने मान डोलावली.

"गेणभाऊ, आधी बसा. पाणी घ्या," मदनलाल म्हणाला.

"पानी? त्येच इकताय की तुमी."

बाकावरचं कुणीतरी हसलं. त्या हसण्याने गेणभाऊला आणखी चेव आला आणि त्याने मनसोक्त तोंडसुख घेतलं. तराजूवाल्यांनी इंजिनाच्या नादाला कशाला लागावं, इथपासून सुरुवात करून त्याने शेठचा आजासुद्धा सोडला नाही.

खरं तर या दुकानाचे गोडवे गाणाऱ्यांत गेणभाऊच पहिला. आधी या भागात ऑइल बदलायचं म्हणजे अर्धा दिवस गॅरेजवर घालवावा लागे. मिस्त्री गाडीखाली शिरला की पाय तेवढे दिसायचे, आणि जुनंच ऑइल परत घातलं की नवं, हे देवालाच ठाऊक. मदनलालचा आजा राजस्थानातून आला तो किराणा आणि गोडंतेल विकायला. नातवाने नव्वदच्या दशकात किराणा भावाला दिला, बाजूला सिमेंटचा खड्डा बांधला आणि ऑइल बदलायचं दुकान थाटलं. गाडी खड्ड्यावर घ्यायची, आपण बाकावर बसायचं. मागच्या घरातून सुंदरबाई, म्हणजे शेठाणी, चहा पाठवायची. चहा संपेतो गाडी तयार. डब्याचं सील गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तोडायचं, उरलेलं ऑइल गिऱ्हाइकाच्याच कॅनमध्ये भरून द्यायचं, जाताना काच पुसून चाकांतली हवा बघायची, असा तिथला रिवाज होता. ऑइल अजून चांगलं असेल तर मदनलाल सरळ सांगायचा की चालू द्या, पुढच्या महिन्यात या. धंदा असा परत पाठवणारा दुकानदार गेणभाऊने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. स्टँडवरच्या निम्म्या जीपा त्यानेच तिथे नेल्या होत्या. आपणच डोक्यावर घेतलेल्या माणसाने आपल्याला फसवलं म्हटल्यावर राग दुप्पट होतो, तसा तो झाला होता.

"बहिरू, गाडी खड्ड्यावर घे," मदनलाल म्हणाला.

बहिरू शेठकडचा जुना कामगार. त्याने जीप ढकलत खड्ड्यावर आणली, बॉनेट उघडलं, आणि इंजिनावरचा झेंडूचा हार बाजूला केला. मग तो थांबला. त्याने शेठकडे पाहिलं. शेठ जवळ आला, आत वाकला, बहिरूच्या कानाशी काहीतरी बोलला. बहिरूने हातातल्या फडक्यात काहीतरी गोळा केलं आणि मूठ मिटून तो मागच्या खोलीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात नवा फिल्टर होता, आणखीही काही असावं. गेणभाऊचं तिकडे लक्ष नव्हतं. तो बाकावरच्या गिऱ्हाइकांना गाडी कशी बसली ते परत पहिल्यापासून सांगत होता.

इंजिन धुऊन काढलं. एकदा ऑइल घालून, थोडा वेळ गाडी चालवून, ते काढून टाकलं. मग परत नवं घातलं. आवाज सुतासारखा सरळ झाला. गेणभाऊने खिशात हात घातला तसा मदनलालने त्याचा हात धरला.

"राहू द्या. आमच्याकडनंच काही राहिलं असेल. सणाचा दिवस आहे, राग सोडा."

"बघा," गेणभाऊ बाकाकडे वळून म्हणाला, "कबूल केलं शेटनं."

आणि विजयी वीरासारखा तो स्टँडवर गेला. तिथे त्याने हीच हकिकत सोनं वाटावं तशी सगळ्यांना वाटली.

वारूळवाडीला घरी पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. त्याची आई, अंबाबाई, ओसरीवर पूजेचा पाट आवरत बसली होती. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि दसरा होईतो त्यांना हात लावायचा नाही, ही तिच्या नवऱ्याच्या वेळची रीत. तेव्हा विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं आणि त्याचे पाने, कप्प्या पाटावर यायच्या. आता जीपचे यायचे. तिने एकेक पाना पदराने पुसून लेकाच्या हातात दिला. शेवटी एक काळं, गोल झाकण दिलं. त्यावर कुंकवाची पाच बोटं उमटली होती.

"ह्ये बी घे बाबा तुझं."

"ह्ये कुठनं आलं?"

"तूच न्हाई का काल काढून ठिवलंस? मला म्हनलास, बघ आये, कसं मधावानी ऑइल हाय. ऱ्हायलं व्हतं तिथंच मडगाडवर. म्हनलं, इंजनाचंच हत्यार हाय, त्याला बी पूजा पायजे."

गेणभाऊने झाकण उलटसुलट करून पाहिलं. काल सकाळी त्याने इंजिनावरचं ऑइलचं झाकण काढलं होतं खरं. आईला आणि शेजारच्या दोघांना शेठच्या दुकानातलं ऑइल किती झकास असतं ते दाखवायला. मग बोलण्याच्या नादात विहिरीच्या मोटारीचा पाईप ओढून त्याने इंजिन धुतलं होतं, चांगलं फवारा मारमारून. मग हार घातला होता. झाकणाच्या जागी झेंडूची फुलं बसली होती आणि खाली, उघड्या भोकातून, पाणी आत गेलं होतं.

त्याने जाऊन बॉनेट उघडलं. इंजिनावर झाकण होतं. नवं कोरं, निळ्या रंगाचं.

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. बहिरूने फडक्यात गोळा केल्या त्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. चार माणसांसमोर ते झाकण नसलेलं भोक दाखवलं असतं, तर गेणभाऊला तोंड लपवायला जागा राहिली नसती. आज्यापर्यंत शिव्या ऐकून घेतल्यावरही शेठने ते दाखवलं नाही, उलट दोष स्वतःच्या अंगावर घेतला आणि वर झाकणही बसवून दिलं. गेणभाऊला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बॉनेट खाली घ्यायचंही भान त्याला राहिलं नाही. आईने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे तो हलला.

उद्या जाऊन पाय धरायचे, असं त्याने ठरवलं. उद्या दुकानात गर्दी असेल म्हणून परवावर टाकलं. मग दिवाळीचं पॅसेंजर सुरू झालं. दुकानावरून जाताना तो मुद्दाम पलीकडच्या बाजूला बघायचा, जसं काही तिकडे काही फार महत्त्वाचं चाललंय. एकदा मदनलाल दारातच उभा होता. त्याने नेहमीसारखा हात केला. गेणभाऊने हॉर्न वाजवला, नजर दिली नाही, आणि पुढचा सगळा रस्ता स्वतःलाच शिव्या घातल्या.

लाज एवढ्यावरच राहिली असती तरी त्याने ती गिळली असती. पण त्याने सोडलेला शब्द आता पायांनी चालायला लागला होता. स्टँडवर नवीन ड्रायव्हरांना बजावलं जायचं, तिकडं जाऊ नका, पाणी मारतात. सील तोडून दाखवतात ते नुसतं दाखवायला असतं. पार ओतूरहून आलेल्या एका टेम्पोवाल्याच्या तोंडूनही गेणभाऊने ते ऐकलं, आणि तो टेम्पोवाला हे गेणभाऊलाच नवीन बातमी म्हणून सांगत होता. दुकानापुढचा बाक बहुतेक वेळा रिकामा दिसायचा.

दिवाळीनंतर एका सकाळी तो मार्केट यार्डात पॅसेंजर सोडायला गेला होता. टोमॅटोच्या क्रेटची थप्पी टेम्पोत चढवणाऱ्या हमालांत त्याला बहिरू दिसला.

"तू हितं रं कसा?" गेणभाऊने विचारलं.

"तिकडं काम न्हाई आता रोजचं," बहिरू म्हणाला. "शेट बसून पगार देतो म्हनला. पन असा कसा घ्यायचा? आठवड्यातनं दोन दिस जातो तिकडं, बाकी हितं." क्रेट खांद्यावर घेऊन तो जायला लागला, मग थांबून म्हणाला, "गाडी काय म्हनती, भाऊ? बरी हाय न्हवं?"

त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर गेणभाऊला सोसला असता. तो नव्हता. त्याने खरोखरच गाडीची चौकशी केली होती.

गेणभाऊ तडक स्टँडवर आला. जीपा नंबराला उभ्या होत्या, ड्रायव्हर तंबाखू मळत होते. तो मधोमध उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. झाकण, पाट, पाईप, झेंडू, निळं झाकण. सांगताना त्याचे कान तापले, पण त्याने काही राखून ठेवलं नाही. "शेटची काय बी चूक न्हवती. माझीच अक्कल श्यान खायला गेल्ती," असंही तो म्हणाला.

मग भिका हसला.

"काय दिलं रं शेटनं? वरीसभर ऑइल फुकट का?"

"आयची आण घेऊन सांगतोय, भिका."

"मग त्यानं फुकट का भरलं? चूक न्हवती तर वानी मानूस फुकट भरंल व्हय? मी व्हतो की तिथं. माझ्या म्होरं कबूल केलं त्यानं. तूच म्हनलास तवा."

बाकीच्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. शेठचा चांगुलपणाच त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहिला होता, आणि ती साक्ष गेणभाऊनेच सणाच्या दिवशी ओरडून नोंदवली होती. त्याने आणखी दोनदा सांगून पाहिलं. तो जितका कळवळून सांगे, तितकं त्यांना हसू येई.

त्याच दुपारी तो दुकानात गेला. खड्डा रिकामा होता. मदनलाल खुर्चीत बसून डबे पुसत होता, जे आधीच पुसलेले होते. गेणभाऊ उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"या, गेणभाऊ," मदनलाल म्हणाला.

"शेट, झाकान माझ्या घरी व्हतं."

"माहीत आहे. झेंडू बघितला तेव्हाच कळलं, पूजेत काहीतरी राहून गेलंय."

"मग बोल्ला का न्हाई? चार मानसांत थोबाडात मारायची व्हती माझ्या."

"तुमचा व्याही उतरून गेला होता त्या दिवशी. आणखी किती खाली बघायला लावायचं माणसाला?" मदनलालने डबा फळीवर ठेवला. "मला वाटलं, घरी गेलात की तुम्हाला कळेल. दुसऱ्या दिवशी याल असं वाटलं होतं."

तो हे रागाने बोलला नाही, म्हणून ते फार आत लागलं. दुसऱ्या दिवशी आला असता तर शब्द स्टँडाबाहेर गेला नसता. गेणभाऊची मान खाली गेली ती वर येईना.

"आज सांगितलं समद्यांस्नी," तो पुटपुटला. "उद्या परत सांगतो. रोज सांगतो. ऐकत्याल कवातरी."

"नका सांगू," मदनलाल म्हणाला. "हात जोडतो. भिका मघाशी इथूनच गेला, हसत हसत सगळं ऐकवून. तुम्ही जितकं सांगाल तितकं लोकांना ते पाणी आठवेल. गप्प राहिलात तर विसरतील हळूहळू. मला वाचवायचं असेल तर एवढं करा."

माफी मागायला आलेल्या माणसाला माफी मिळाली होती, पण तिच्याबरोबर तोंड बंद ठेवायची शिक्षाही मिळाली होती. ती गेणभाऊने मुकाट्याने घेतली. आतून चहा आला. सुंदरबाईने आलं जास्त घातलं होतं, त्याला आवडायचं तसं. त्याने तो उभ्या उभ्याच प्यायला, कारण बाकावर बसायचा त्याला धीर झाला नाही.

तेव्हापासून स्टँडवर पाण्याचा विषय निघाला की गेणभाऊ उठून गाडीचा टायर बघायला जायचा. लोक म्हणायचे, बघा, आता कसा गप्प बसला.

उन्हाळ्याच्या तोंडावर एक परगावची जीप स्टँडपाशी थांबली. गेणभाऊचा नंबर पहिला होता, गाडी भरत आली होती. परक्या ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "भाऊ, हितं ऑइल कुठं बदलून मिळंल? घाई हाय."

"स्टँडमागं गॅरेज हाय," भिका म्हणाला. "फकस्त हमरस्त्याला जाऊ नका."

गेणभाऊने भिकाकडे पाहिलं. मग आपल्या गाडीतल्या पॅसेंजरना तो म्हणाला, "तुमी मागच्या गाडीत बसा. माझा नंबर भिकाला दिला." भिका बघतच राहिला. गेणभाऊ परक्या जीपमध्ये शेजारच्या सीटवर जाऊन बसला आणि त्याने हाताने रस्ता दाखवला. वाटेत तो फक्त डावीकडे, उजवीकडे एवढंच बोलला.

दुकान दिसायला लागलं तसा त्याने हात वर केला.

"ह्ये बघा, त्यो पांढरा बोर्ड. तिथं घ्या गाडी. मला हितंच उतरवा."

"चला की, भाऊ. च्या घेऊ."

"नगं. मला हितं काम हाय."

जीप पुढे गेली आणि दुकानापुढे वळली. खड्ड्यातून बहिरू वर आला, मदनलाल खुर्चीतून उठला. गेणभाऊ एका बंद टपरीच्या आडोशाला उभा राहिला. गाडी खड्ड्यावर नीट बसेपर्यंत त्याने वाट पाहिली. मग रस्त्याच्या कडेकडेने, दुकानातून कुणी बघू नये अशा बेताने, तो उन्हातून स्टँडकडे चालायला लागला.